बिघडलेल्यांच्या गटात जागा आहेत

डॉ. वेदिकाला बंगळुरूत एकही बिघडलेलं मूल सापडत नव्हतं.

'बिघडलेलं' हा शब्द अर्थातच तिचा नव्हता. ती 'सेवन करणारा गट' म्हणायची. सोळा ते चोवीस वयाची मुलं सिगारेट, व्हेप, दारू, गांजा यांच्याकडे कशी वळतात, यावर ती एका संस्थेत मानसशास्त्रीय संशोधन करत होती. त्यासाठी दोन गट हवे होते. ज्यांनी कधीच काही घेतलं नाही अशांचा एक, आणि ज्यांनी गेल्या वर्षभरात काही ना काही घेतलं आहे अशांचा दुसरा. पहिला गट बघता बघता भरला. केस नीट विंचरलेली मुलं आईवडिलांबरोबर आली, "छे, कधीच नाही" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या गटात कुणीच नव्हतं. कॉलेजातली मोठी मुलं फोन उचलत नव्हती. अठराच्या आतल्यांना पालकांची परवानगी लागे, आणि "आमच्या मुलाला दुसऱ्या गटात घ्या" असं म्हणणारे पालक अजून जन्माला यायचे होते.

"पुढच्या शुक्रवारी आढावा आहे," प्रकल्पप्रमुख सुधींद्र सर म्हणाले. "दुसरा गट नाही, तर प्रकल्पही नाही. या शहरात एकही पोरगं सिगारेट ओढत नाही असं आपण लिहिलं, तर लोक विचारतील, तुम्ही काय ओढून बसला होता?"

वेदिकाची सहायक चंदना बेळगावची. तिने तोडगा काढला. "सर्टिफिकेट देऊ या की, मॅडम. आमच्याकडे सर्टिफिकेट मिळतंय म्हटलं की माणसं रक्तसुद्धा देतात."

वरिष्ठांनी मान्यता दिली आणि चंदनाने तशी सूचनाही लावून टाकली. प्रमाणपत्रावर फक्त 'युवकांच्या जीवनशैलीवरील संशोधनात सहभाग' एवढंच येणार होतं. गटाचा उल्लेख नाही, कसली बदनामी नाही. वेदिकाला ही योजना निर्दोष वाटली. संध्याकाळी येलहंक्यातल्या आपल्या राहत्या सोसायटीत वेदिका लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ती निर्दोषच होती.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभाताई होत्या. मूळ पुण्याच्या, आयटीत मॅनेजर.

"अगं वेदिका, तुमच्याकडे रिसर्चचं सर्टिफिकेट देतात म्हणे! आमच्या ध्रुवला घे ना. पुढच्या वर्षी ॲडमिशन आहे, प्रोफाइलवर बरं दिसतं."

"त्याला घेता नाही येणार, सुलभाताई. तो गट भरला."

"भरला?" सुलभाताईंच्या हातातली दुधीची पिशवी खाली टेकली. बारावीतल्या मुलाच्या आईला या शब्दाने जेवढी धडकी भरते, तेवढी भूकंपानेही भरत नसेल. "सगळ्याच कॅटेगरीतल्या सीट्स संपल्या?"

"कॅटेगरी नाही हो. दुसरा गट रिकामा आहे, पण त्यात फक्त..."

"रिकामा आहे ना? मग झालं तर. एलिजिबिलिटी काय ते सांग."

वेदिकाने सांगितली. इथेच चुकलं. शास्त्र शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देऊन मोकळा होतो. प्रश्न का विचारला हे तिच्या ध्यानात यायला पाचवा मजला उजाडावा लागला. तोवर सुलभाताई तिसऱ्यावर उतरून पालकांच्या ग्रुपवर लिहूनही मोकळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी चंदना वेदिकाच्या संस्थेतल्या खोलीत धावत आली. "मॅडम, स्वल्प, जरा बाहेर येऊन बघा की!"

बाहेर खुर्च्या पुरत नव्हत्या. काही बाप जिन्यावर बसले होते. मुलं खाली माना घालून ओठ हलवत होती आणि आया त्यांना शेवटचं काही सांगत होत्या.

"आमच्या शंतनुला सिगारेट आणि बिअर, दोन्ही करायला लावलंय. एकावरच भिस्त ठेवली आणि नाही झालं तर?"

"गांजा ठेवू नका हो. त्यात फार खोलात विचारतात म्हणे."

कोपऱ्यात ध्रुवचे वडील रत्नाकर हळू आवाजात बायकोला म्हणत होते, "सुलभा, आपण पोराकडून ब्रँडी पाठ करून घेतोय. तुला काही वाटत नाही?"

"तुम्ही गप्प बसा. त्या सिद्धीची आई बघा, अजून रिव्हिजन घेतेय!"

वेदिकाने घसा खाकरला. "हे बघा, हा अभ्यास खरं बोलणाऱ्यांसाठी आहे. आणि आत मुलं जे सांगतील, ते मी पालकांना सांगणार नाही. नियमच आहे तसा."

"हो हो मॅडम, सगळी खरंच बोलणार आहेत," सिद्धीच्या आईने ग्वाही दिली आणि लेकीकडे वळून म्हणाली, "खरं सांगायचं हं. काल सांगितलं तसं."

पहिली सिद्धीच आत आली. हाताची घडी घालून बसली.

"मी बिअर घेते," ती म्हणाली.

"बरं. कशी घेतेस?"

"दुधातून."

वेदिकाचं पेन थांबलं. "दुधातून?"

"आई म्हणाली, नुसती घेते म्हटलं तर फारच वाईट दिसेल."

तिच्यानंतर शंतनु आला. त्याने न अडखळता एका दमात सगळं म्हणून दाखवलं: मानसिक ताण, वाईट संगत, पहिला झुरका, पश्चात्ताप.

"वाईट संगत कुणाची?"

"ध्रुवची."

"आणि ध्रुवला कुणाची?"

"माझी. आमचं तसं ठरलंय."

दुपार झाली तशी वेदिकाची उमेद संपत आली. दुसरा गट तुडुंब भरला होता आणि त्यात एकही ओळ खरी नव्हती. रिकाम्या गटाबद्दल निदान प्रामाणिकपणे काही लिहिता तरी आलं असतं. हे सगळं फेकून द्यायचं, शुक्रवारी सरांपुढे हात जोडायचे आणि प्रकल्पाला रामराम ठोकायचा, असं तिने ठरवून टाकलं.

शेवटी ध्रुव आला. "मी गेल्या वर्षी तीनदा ब्रँडी प्यायलो. चव कडवट होती. नंतर मला अपराधी..."

"ध्रुव," ती थकून म्हणाली, "राहू दे. तुझ्यावर काही सक्ती नाही. सर्टिफिकेट मिळेल तुला. जा तू."

ध्रुव उठला नाही. दाराकडे बघत राहिला.

"वेदिकाताई, तुम्ही खरंच आईला सांगत नाही?"

"तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच. आणि तेही तुला आधी सांगून."

"ब्रँडी खोटी आहे."

"तेवढं कळलं मला."

"व्हेप खरं आहे." तो खुर्चीच्या कडेला सरकला. "कोचिंगच्या जिन्यात घेतो. टेस्ट सिरीज सुरू झाली तेव्हा गंमत म्हणून घेतलं. आता नाही घेतलं तर हात थरथरतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. बंद करायचंय हो, पण जमत नाहीये. इथे यायचं म्हणून घरी परवानगी मागितली असती, तर आईने शंभर प्रश्न विचारले असते. आता तिनेच हाताला धरून आणलंय. तिला वाटतंय, मी आत खोटं बोलतोय."

वेदिकाने समोरचा कागद पालथा घातला, पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "सावकाश सांग. पहिल्यापासून."

तो बराच वेळ बोलला. मधे एकदा रडला, एकदा हसला. उठताना म्हणाला, "शंतनुला परत पाठवू? म्हणजे, मी काही सांगत नाहीये. त्याचं तो सांगेल."

"पाठव. आणि सिद्धी?"

"तिला नका त्रास देऊ. ती खरंच नुसतं दूध पिते."

शंतनु आला, आणि या वेळी भरपूर अडखळला. मग त्याने बाहेर कुणाच्या तरी कानात काही सांगितलं आणि आणखी एक मुलगी आली, मग तिचा भाऊ. बाहेर पालक खूश होते. त्यांच्या मते मुलं दुसऱ्या फेरीला निवडली गेली होती. संध्याकाळपर्यंत वेदिकाकडे शुक्रवारसाठी लहानसा, पण खराखुरा दुसरा गट होता. परवानगीच्या सह्या तर पालकांनी सकाळीच, न वाचता, हसत हसत ठोकल्या होत्या.

ती बाहेर आली तेव्हा सुलभाताई वाटच बघत होत्या.

"नीट बोलला ना गं?"

"छान बोलला."

"अडकला नाही ना कुठे? ब्रँडीची चव सांगताना घरी सारखा चुकत होता."

"नाही. अगदी मनापासून बोलला."

"बघा!" सुलभाताई नवऱ्याकडे वळल्या. "घरी तयारी करून घेतली की असा फरक पडतो."

वेदिकाने मान डोलावली. गोपनीयतेच्या नियमांत मान डोलावायला बंदी नव्हती. "सुलभाताई, त्याला दर शनिवारी माझ्याकडे पाठवाल? थोडे दिवस. पुढची काही सेशन्स घ्यायची आहेत."

"पाठवते की! म्हणजे ॲडव्हान्स्ड लेव्हल ना?"

"तसंच समजा."

सुलभाताईंचा चेहरा उजळला. त्यांनी ध्रुवची पाठ थोपटली, मग वेदिकाच्या कानाशी येऊन तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा आधी कळव बाई. चार दिवस मिळाले असते, तर मी त्याचा गांजासुद्धा करून घेतला असता."