केडुंगसेपीचा प्रस्तावित धबधबा

शासनाला प्रत्येक गावाची ओळख हवी होती, म्हणून केडुंगसेपीलाही ती असणे क्रमप्राप्त झाले. तोवर या गावाचे ओळखीवाचून काही अडले नव्हते. एकशे बारा घरे, लवंगेची झाडे, कसाव्याच्या कंदांची शेते, एक छोटी मशीद आणि वेशीवर पहाऱ्याची बांबूची चौकी, जिच्यात बसून पहारा सोडून बाकी सगळे केले जाई. ज्वालामुखी होता, पण तो शेजारच्या तालुक्याच्या हद्दीत. प्रेक्षणीय म्हणावे असे जे काही होते ते शेजाऱ्यांकडे होते आणि गावाला त्याचे कधी वाईट वाटले नव्हते.

ओळख भरून घ्यायला जिल्ह्याहून यूडो नावाचा तरुण मोटारसायकलवरून आला. अकरा किलोमीटरचा चढ, त्यात दोन ठिकाणी तो पडला होता. पँटीला गुडघ्यापर्यंत लाल चिखल होता. त्याच्याकडे 'ग्राम-परिचय' नावाचा एकशे त्रेचाळीस प्रश्नांचा तक्ता होता. प्रत्येक प्रश्नापुढे दोनच चौकोन होते : 'आहे' आणि 'प्रस्तावित'. 'नाही' हा चौकोन पूर्वी होता. परंतु त्यामुळे ग्रामीण जनतेचे मनोबल खचते असे राजधानीतल्या एका समितीच्या निदर्शनास आल्याने तो काढून टाकण्यात आला होता.

गावातर्फे उत्तरे द्यायला चारिक सार्वोको बसले. चारिक म्हणजे गावचा चिटणीस. बावीस वर्षे ते या जागेवर होते आणि या बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खोटा शब्द लिहिला गेला नव्हता. मात्र पाहुण्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणे त्यांना जमत नसे. हा त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. केडुंगसेपीत कोणीच कोणाला 'नाही' म्हणत नाही. म्बाह सारिन्तेन ही आख्ख्या गावाची आजी, वय ब्याऐंशी, दात दोन. तिला कोणी विचारले, "म्बाह, विमानात बसलीस का कधी?" तर ती शांतपणे सांगते, "अजून नाही." एवढ्या लांबून विचारायला आलेल्या माणसाला कशाला हिरमुसले करायचे, एवढाच त्यामागे विचार.

"पाक चारिक, गावात धबधबा आहे?" गोड चहाचा घोट घेत यूडोने विचारले. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे आदराने 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.

चारिकांनी त्याच्या चिखलाने भरलेल्या पँटीकडे पाहिले. त्यांचा जीव कळवळला.

"अजून नाही," ते म्हणाले.

यूडोचा चेहरा उजळला. सकाळपासून फिरलेल्या चार गावांत त्याच्या तक्त्यात इतके चपखल बसणारे उत्तर कोणी दिले नव्हते. त्याने 'प्रस्तावित'वर खूण केली.

"बारा खाटांचं प्रसूतिगृह?"

"अजून नाही."

"विमानतळ?"

"अजून नाही."

"जागा आहे हो," कोपऱ्यात कसाव्याचे काप चघळत बसलेली म्बाह सारिन्तेन मध्येच म्हणाली. "सध्या म्हशी बांधतात तिथं."

"ज्वालामुखी?"

चारिक जरा घुटमळले. शेजाऱ्यांचा ज्वालामुखी आपला म्हणून सांगणे त्यांच्या सचोटीत बसत नव्हते.

"तो... अजून नाही."

अशा रीतीने दुपारच्या नमाजापर्यंत गावाचा परिचय पूर्ण झाला. जाताना यूडोला उकडलेल्या शेंगांची पिशवी बांधून देण्यात आली. त्याने म्बाहच्या पाया पडून निरोप घेतला. एवढा सहकार्य करणारा गाव आपण पाहिला नाही, असे तो म्हणाला आणि ते खरे होते.

दोन वर्षांनी पंचवार्षिक योजना संपली. योजना संपली म्हणजे तीत प्रस्तावित केलेली कामे पूर्ण झाली असली पाहिजेत, नाहीतर ती संपली असे कसे म्हणता येईल? त्यामुळे एकतीस डिसेंबरला संगणकाने देशभरातल्या सगळ्या 'प्रस्तावित' खुणा आपोआप 'आहे'मध्ये टाकल्या. एक जानेवारीला केडुंगसेपी जागे झाले तेव्हा त्याच्याकडे धबधबा, विमानतळ, बारा खाटांचे प्रसूतिगृह आणि काम पूर्ण झालेला ज्वालामुखी होता.

पहिल्यांदा अभिनंदनाचे पत्र आले. मग आपत्ती निवारण खात्याकडून नारिंगी बाणांच्या चाळीस पाट्या आल्या : उद्रेक झाल्यास नागरिकांनी बाणाच्या दिशेने विमानतळाकडे पळावे. गावकऱ्यांनी एका रविवारी सगळ्यांनी मिळून त्या पाट्या लावल्या, कारण पाठवणाऱ्याने इतक्या आपुलकीने पाठवल्या होत्या. बाण म्हशींच्या गोठ्यापाशी संपत होते. म्हशींनी दोन दिवस बाणांकडे पाहिले आणि मग त्यांना अंग घासायला सुरुवात केली.

इथवर सगळे मजेचेच होते. पण चारिकांची मुलगी रात्मी गरोदर होती. तिला सातवा महिना लागला, रिवाजाप्रमाणे सात विहिरींच्या पाण्याने तिला न्हाऊ घातले, आणि त्या दिवशी म्बाह सारिन्तेनने चारिकांना बाजूला घेतले. गावातली निम्मी माणसे तिच्याच हातावर जन्मली होती, चारिक धरून.

"हे बघ, आता माझ्या भरवशावर राहू नकोस," ती म्हणाली. "मला सुईत दोरा दिसत नाही. आणि पोरीचं मूल आडवं आहे, हाताला कळतंय मला. शिकलेली सुईण आण."

"खाली दवाखान्यात नेऊ की वेळेवर."

"अकरा किलोमीटर? त्या रस्त्यावरून? मग नातू वाटेतच मोजून घे."

चारिकांनी त्याच दिवशी सरकारी सुईण मिळावी असा अर्ज लिहिला आणि स्वतः जिल्ह्याला नेऊन दिला. खिडकीतल्या बाईंनी गावाचे नाव संगणकात घातले आणि चारिकांकडे जरा रागानेच पाहिले.

"तुमच्याकडे प्रसूतिगृह आहे, पाक. बारा खाटा. तीन सुईणी."

"तसं काही... म्हणजे मी त्याच गावचा आहे, बू."

"मग तर तुम्हाला माहीत असायला हवं."

"पण मी तिथंच राहतो. रोज. मला कधी दिसलं नाही हो ते."

"धबधब्याच्या मागे असेल," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती करायची असेल तर माहिती दुरुस्ती केंद्रात जा."

"ते कुठं आलं?"

बाईंनी पुन्हा संगणकात पाहिले. "तुमच्याच गावात. विमानतळाच्या इमारतीत, दुसरा मजला."

परत येताना चारिकांना पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. बारा खाटा त्यांनीच दिल्या होत्या, चहा देता देता. आणि आता स्वतःच्या लेकीला टेकायला त्यांतली एकही नव्हती.

आठवड्याभरात उत्तर आले, ते सुईणीच्या अर्जाला नव्हते. ती नोटीस होती. बारा खाटा आणि तीन सुईणी असूनही केडुंगसेपी प्रसूतिगृहात गेल्या सहामाहीत एकही बाळंतपण झालेले नाही, ही बाब गंभीर असून, ग्रामस्थ जाणूनबुजून जन्म देण्याचे टाळत आहेत काय, याचा खुलासा करावा. तपासणीसाठी पथक येत आहे. रात्मीला नववा महिना लागल्यानंतरची तारीख होती.

"आता तोंडावर सांगून टाका, बाबा," रात्मी म्हणाली. "एकच शब्द आहे. नाही."

"सांगतो की."

"म्हणून दाखवा."

"न..." चारिक म्हणाले आणि त्यांना खोकला आला.

त्यांनी रियाज सुरू केला. सकाळी परसात बकरीसमोर उभे राहून ते 'नाही, नाही' म्हणत. बकरीला वाईट वाटेल म्हणून आधी ते तिला पाला घालत. चौथ्या दिवशी त्यांना ते बकरीला म्हणणे जमले. आठव्या दिवशी जावयाला म्हणणे जमले. पथकाच्या आदल्या दिवशी त्यांनी सरपंचांनाही एकदा 'नाही' म्हणून पाहिले. सरपंच इतके घाबरले, की चारिकांची तब्येत विचारायला घरी नारळ घेऊन आले.

पथक यायच्या दिवशी सकाळीच रात्मीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आठ दिवस आधी. जावयाने लवंगा वाहायची पिकअप काढली, मागे चटई अंथरली, रात्मीला घेतले आणि गाडी वेशीपाशी येऊन थांबली. पुढे जायला वाव नव्हता. वळणावर तपासणी पथकाची मोठी जीप रस्त्यात आडवी रुतली होती. पाच अधिकारी तिला ढकलत होते आणि सहावे, सगळ्यांत वरिष्ठ, त्यांना नियमाप्रमाणे कसे ढकलावे ते सांगत होते.

रात्मीला पहाऱ्याच्या चौकीत निजवले. म्बाह सारिन्तेन उशाशी बसली आणि तिने चौकीत टांगलेला इशाऱ्याचा पोकळ लाकडी ठोकळा बडवायला सांगितले. आग, चोर किंवा महापूर, असे काही असले तरच तो वाजतो. सगळा गाव गोळा झाला. ज्वालामुखी फुटला असे समजून काही जण बाणाच्या दिशेने गोठ्याकडे धावले, पण त्यांना परत बोलावण्यात आले.

चारिक जीपकडे धावले. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या.

"यात सुईण कोण आहे? सुईण?"

ढकलणाऱ्यांतली एक मुलगी पुढे आली. हात कोपरापर्यंत चिखलात, डोळे चिडलेले. "मी एन्दाह. बाळंतपणं का होत नाहीत ते तपासायला आणलंय मला. तीन तास झाले, तपासणीच्या जागी पोचले नाहीये."

"पोचलात, पोरी," चारिक म्हणाले आणि तिचा हात धरून तिला ओढतच नेले.

पुढचा एक तास चौकीभोवती पुरुषांना फिरकू दिले नाही. चारिक बाहेर उभे होते. त्यांच्या शेजारी वरिष्ठ अधिकारी येऊन उभे राहिले. वयस्कर, घामाघूम, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी फाईल उघडली.

"तर पाक चारिक, हेच का ते प्रसूतिगृह?"

आतून रात्मी ओरडली. चारिकांनी डोळे घट्ट मिटले, बकरी डोळ्यांसमोर आणली आणि गावाच्या इतिहासात कोणी पाहुण्याला उच्चारला नव्हता तो शब्द उच्चारला.

"नाही!"

चारिक थांबले नाहीत.

"नाही साहेब! प्रसूतिगृह नाही, खाटा नाहीत, सुईण नाही, धबधबा नाही, काही काही नाही! फक्त माझी मुलगी आहे!"

अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने फाईल उलटीसुलटी केली. "मला कळतंय हो तुमचं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण 'नाही'ला रकाना नाही."

त्याच क्षणी चौकीतून बाळाचा आवाज आला, चांगला खणखणीत. एन्दाह बाहेर आली, चेहऱ्यावर घाम आणि हसू. "आडवं होतं, वळवलं. मुलगी आहे. आई छान आहे." चारिक पाहुण्यांसमोर हुंदके देऊन रडले. अधिकाऱ्यांनीही चष्मा पुसला. मग चष्मा घालून त्यांनी नोंदवले : प्रसूतिगृह कार्यरत. सुईण जागेवर हजर. सहामाहीत बाळंतपणे : एक. प्रगती समाधानकारक.

जीप संध्याकाळी निघाली तेव्हा कर्मचारी मोजण्यात आले. एन्दाहला खाली उतरवण्यात आले. तक्त्यानुसार ती केडुंगसेपीची होती, आणि दुसऱ्या गावच्या सुईणीला विनापरवाना घेऊन जाण्याचे पाप आपल्या माथी नको, असे वरिष्ठांनी तिला सभ्यपणे समजावले. तिने मूळ कार्यालयात फोन केला. तिथे तिची खुर्ची दुपारीच दुसऱ्या कोणाला देण्यात आली होती. दुरुस्तीसाठी तिला विमानतळाचा दुसरा मजला सांगण्यात आला.

ती आठवडाभर सगळ्यांवर डाफरत होती. पण त्या आठवड्यात आणखी दोघी पोटुशा तिच्याकडे आल्या, कोणी कोंबडी आणून बांधली, कोणी चौकीला भिंती घातल्या. गावाला तिच्यापुढे ओशाळल्यासारखे होत होते आणि तिची गरजही होती, त्यामुळे जेवण फार चांगले मिळे. महिन्याने तिने स्वतःच चौकीवर पाटी रंगवली : 'प्रसूतिगृह. खाटा : एक.' उरलेल्या अकरांसाठी तिने जिल्ह्याला रोज एक पत्र धाडायला सुरुवात केली, आणि त्या पत्रांत 'नाही' हा शब्द असा वापरलेला असे की चारिक ती वाचताना खुर्चीला धरून बसत.

नव्या पंचवार्षिक योजनेसाठी यूडो पुन्हा आला. यावेळी चिखल कमरेपर्यंत होता. तक्त्यात प्रश्न वाढले होते. कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहितीही हवी होती.

"बाळाचं नाव ठेवलं?" त्याने आधी कौतुकाने विचारले.

"अजून नाही," सवयीने चारिक म्हणाले आणि जीभ चावली. नाव कधीच ठेवून झाले होते.

मग यूडो एन्दाहकडे वळला. त्याचे कान थोडे लाल झाले, आणि त्याने विचारले, "लग्न?"

"अजून नाही," एन्दाह म्हणाली. सहा महिन्यांत तीही गावाचीच झाली होती.

यूडोने खूण केली. ती कुठल्या चौकोनात केली ते त्याने कोणाला दाखवले नाही, पण म्बाह सारिन्तेन दोन्ही दात दाखवून हसली. योजना कधी संपते ते तिने बोटांवर मोजले. तिला तेवढे जगायचे होते.

तुमच्या गावाचा, गल्लीचा, वॉर्डाचाही असा तक्ता कुठेतरी आहेच. सवडीने उघडून बघा. तुमच्या दारासमोरचा रस्ता कधीच पूर्ण झालेला असेल आणि त्याबद्दल तुम्ही समाधान व्यक्त केलेले असेल. आणि हो, पुढच्या वेळी कोणी वही घेऊन दारात आला, 'सगळं ठीक आहे ना?' म्हणाला, तर चहा जरूर द्या. पण त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून 'अजून नाही' म्हणू नका. तो लिहून घेतो.