पुंजाजीनं झुरळं हाकलली

पुसेगावच्या पुंजाजीनं मेंढरं विकली अन् हिंगोलीला पोराच्या फ्लॅटवर राहायला आला, तेव्हा बरोबर काठी आणली, काळं घोंगडं आणलं अन् बायको आणली. (बायकोचं नाव शेवटी घेतलं, हे यशोदाबाई अजून विसरल्या नाहीत.)

काही दिवसांत स्वयंपाकघरात झुरळं झाली. पोरगा अंगद हळदीच्या अडतीवर कामाला. त्यानं बाजारातून विषारी खडू आणून ओट्याभोवती रेघा मारल्या. झुरळं त्या रेघेवरून शाळेतल्या पोरांवाणी ओळीनं चालायला लागली.

सून रागिणी तशी गुणाची, पण त्या सकाळी तिनं तोंड उघडलं.

"मामा, ही झुरळं तुमच्या घोंगड्यातूनच आली. आज संध्याकाळी माझे बाबा येऊन राहिले. त्यांना एक जरी झुरळ दिसलं, तर उद्या घोंगडं घंटागाडीत."

पुंजाजीचं डोकं तडकलं. "माझ्या घोंगड्याला नाव ठेवती? रानात मी हे आंथरलं की अख्खा कळप गपगुमान येऊन भोवती बसायचा! थांब, दावतोच."

मेंढरांच्या वाड्यात गोचीड झाली की काय करायचं, हे पुंजाजीला कुण्या खडूवाल्यानं शिकवायची गरज नव्हती. गवऱ्या पेटवायच्या, वर कडुलिंबाचा ओला पाला, त्यावर मूठभर वाळल्या मिरच्या. अन् तीन बाजू बंद करून एक उघडी ठेवायची. पळायला वाट न्हाई ठेवली तर किडा जागीच दडून बसतो. ही अक्कल फ्लॅट बांधणाऱ्यांना कुठून असणार?

दुपारी त्यानं बायकांना खाली पाठवलं, सगळी दारं-खिडक्या लावल्या अन् फक्त गॅलरीचं दार सताड उघडं ठेवलं. घोंगड्याला धुराचा वास लागू नये म्हणून घडी घालून ते गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवलं. मग घमेल्यात पाला पेटवला.

जरा वेळात वरच्या मजल्यावरचे रामसिंग डोळे पुसत दारात आले.

"काका, काय जाळून राहिले?"

"झुरळं हाकलून राहिलो."

"मंग झुरळं तुमची अन् खोकला आमाला काहून?"

"वाटून घ्या. शेजारी हाव न्हाई का आपण?" असं म्हणून पुंजाजीनं दार लावून घेतलं.

धूर निवला. रागिणीनं ओट्याखाली पाहिलं, सिलिंडरमागं पाहिलं, डबे हलवून पाहिले. एक मिशी दिसली न्हाई.

"चुकलं माझं, मामा," ती हळूच म्हणाली. "राहू द्या घोंगडं."

पुंजाजीला आमदारकी मिळाल्यासारखं झालं.

संध्याकाळी व्याही शेषराव आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी. ते सोफ्यावर टेकणार, तोच पुंजाजीनं हात धरला.

"सोफ्यावर कुणीबी बसतं, पाव्हणं. व्याह्याला घोंगडं पाहिजे."

"आवो, राहू द्या, कशाला तकलीफ?"

"तकलीफ कसली?" पुंजाजी गॅलरीत गेला, घडी उचलून आणली अन् हॉलच्या मधोमध ऐटीत घोंगडं झटकलं.

दुपारी उघड्या वाटेनं बाहेर पडलेली झुरळं जाऊन जाऊन जातील कुठं? गॅलरीत अंधाराची अन् उबेची जागा एकच होती. ती सगळी जनता आता हॉलभर झाली. दोन-चार शेषरावांच्या धोतरावर चढली. ज्या गुडघ्यांपायी शेषराव जिना बसत बसत चढले होते, ते गुडघे घेऊन ते एका उडीत सोफ्यावर उभे राहिले.

रागिणीनं घोंगड्याकडं पाहिलं, मग सासऱ्याकडं.

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "काठी आणून देऊ का? कळप तुमचाच हाय. बराबर घोंगड्यावर येऊन बसला."

सकाळी घंटागाडी आली अन् घोंगडं न घेता गेली. ते गच्चीवर उन्हात पडलं होतं, अन् त्याच्या शेजारी पुंजाजी. चांगलं ऊन लागल्याशिवाय घरात यायचं न्हाई, असा सुनेचा हुकूम होता. तो घोंगड्यापुरताच हाय का, हे विचारायची पुंजाजीची हिंमत झाली न्हाई.