डावीकडची बाटली

केसांचं तेल आणायला मी आयुष्यात एकदाच गेलो आणि तेव्हापासून जे शुक्लकाष्ठ मागे लागलं, ते लागलंच.

त्याचं असं झालं. बायकोला महिनाभर ताप होता. ताप गेला, पण जाताना तिचे केस घेऊन जाऊ लागला. उशीवर केस, खुर्चीच्या पाठीवर केस, न्हाणीघराच्या जाळीत केस. लग्नात तिची वेणी माझ्या मनगटाएवढी होती, ती आता करंगळीएवढी उरली. ती शाळेत शिकवते. रजा संपत आली तरी शाळेचं नाव काढीना. "वर्गासमोर अशी कशी उभी राहू?" असं म्हणाली आणि रजा आणखी दोन महिने वाढवून आरशाकडे पाठ करून बसली. आमच्या घरात रडण्याचं खातं एरवी माझ्याकडे असतं. त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी पाहून मी ताडकन उठलो. "मी आत्ता तेल घेऊन येतो," म्हणालो आणि चपला पायात सरकवल्या. (वेगवेगळ्या जोडांतल्या. ते दुकानात गेल्यावर कळलं.)

दुकानात दोन तेलं होती. एक ऑर्गॅनिक, एक साधं. मी मेहुणीला फोन लावला, कारण तिला सगळ्यातलं सगळं कळतं असं तीच म्हणते.

"भावोजी, डोळे मिटून ऑर्गॅनिक घ्या. साध्यात काय काय घातलेलं असतं, माहीत आहे?"

"काय काय असतं?"

"ते त्यांनाच माहीत. म्हणून तर सांगतेय!"

दुकानदार सगळं ऐकत होता. म्हणाला, "भाऊ, साधंच न्या. ऑर्गॅनिकमध्ये काहीच घातलेलं नसतं."

"मग ते चांगलंच ना?"

"काहीच नसेल तर केस कशानं उगवतील?"

मला दोघांचंही पटलं. (दोघांचंही पटणं हा माझा जुना आजार आहे.) चुकीचं तेल नेलं आणि उरलेली करंगळीही गेली तर? शेवटी मी दोन्ही बाटल्या घेतल्या.

आता, माझी नोकरी काय आहे ते सांगायला हवं. मी तपासणी कार्यालयात कारकून आहे. आमच्याकडे साबण, रंग, दोरखंड असे नमुने तपासणीला येतात. तपासणाऱ्याचं मन कोणा एका कंपनीकडे झुकू नये म्हणून मी आधी लेबलं काढतो, नमुन्यांना नुसते क्रमांक देतो, आणि कोणता क्रमांक कशाचा ते चिठ्ठीवर लिहून, लिफाफ्यात घालून लाखेनं बंद करतो. लिफाफा साहेबांच्या कपाटात जातो आणि निकाल लागल्यावरच उघडतो. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही नमुना फुटलेला नाही. माझ्या आयुष्यात अभिमानाची म्हणावी अशी ही एवढीच गोष्ट आहे.

तेव्हा मी घरीही तेच केलं. तापाच्या औषधाच्या दोन सारख्या बाटल्या रिकाम्या होत्या. त्यांत दोन्ही तेलं ओतली, एक आणि दोन असे आकडे चिकटवले आणि मूळच्या बाटल्या फेकून दिल्या. दोन्ही तेलांचा रंग सारखाच होता आणि माझं नाक बारा महिने चोंदलेलं असतं, त्यामुळे गुप्तता अगदी पक्की झाली. चिठ्ठी लिहिली, लिफाफा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांचं लक्ष नसताना कपाटात, दोरखंड आणि भिंतीचा रंग यांच्या लिफाफ्यांमध्ये सरकवून दिला.

"पहिला महिना एक नंबर, दुसरा महिना दोन नंबर," मी बायकोला सांगितलं. "कोणतं काय आहे ते विचारू नकोस."

"नाही विचारत," ती म्हणाली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

रोज सकाळी ती बाटली घेऊन न्हाणीघरात जायची. ती बाहेर आली की मी तिच्या कंगव्यातले केस मोजून वहीत लिहायचो. पहिल्या महिन्यात आकडा साठाच्या खाली येईना. माझी झोप उडाली, जेवण जाईना. काळजीनं माझेच केस गळायला लागले, भांग पाडायला गेलो तर कंगवा अडतच नव्हता. पण माझे केस मोजायला वेळ कोणाला होता? मग दोन नंबर सुरू झालं आणि काय सांगू! चव्वेचाळीस, एकतीस, एकोणीस, अकरा. कपाळाशी इवले इवले नवे केस दिसू लागले. बायको आरशाकडे तोंड करून बसू लागली. एक दिवस तर गुणगुणली. सोमवारपासून शाळेत जाते म्हणाली.

आणि सोमवार चार दिवसांवर आलेला असताना मला दोन नंबरची बाटली धुऊन पालथी घातलेली दिसली. एक नंबरची तर कधीच धुतली गेली होती.

"अगं, तेल संपलं?"

"हो, संपलं."

"मग आणायला नको?"

"राहू दे हो. आता नको," ती शांतपणे म्हणाली.

नवरे मंडळींनो, ही शांतता तुम्ही ओळखता. मला वाटलं, ही माझा त्रास वाचवायला मन मारतेय. आणि सोमवारी वर्गासमोर उभी राहिली की पुन्हा खांद्यावर केस पडायला लागतील! दोन नंबर म्हणजे कोणतं तेल, ते मला काही केल्या आठवेना. पुन्हा दोन्ही आणून पहिल्यापासून सुरुवात करावी, तर एक महिना चुकीच्या तेलात जाणार. आता लिफाफा उघडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

लिफाफा उघडायचा म्हणजे साहेबांपुढे गुन्हा कबूल करणं आलं. मी सगळं सांगितलं. साहेब रागावले नाहीत. ते नियमाचे पक्के आहेत, एवढंच.

"निकाल जोडल्याशिवाय लिफाफा उघडता येणार नाही."

मी वही पुढे केली. साहेबांनी चष्मा लावून दोन्ही महिने वाचले.

"अकरा. हे रोजचे का?"

"हो, सर."

"सुधारणा चांगली आहे." त्यांनी घंटा वाजवून साक्षीला शिपायाला बोलावलं, लाख फोडली आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "नमुना क्रमांक एक, टेबलावरची डावीकडची बाटली. नमुना क्रमांक दोन, टेबलावरची उजवीकडची बाटली."

साहेबांनी चिठ्ठी उलटून मागची बाजूही पाहिली.

"कोणाच्या डावीकडची?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या, सर. म्हणजे... तेव्हाच्या."

"आणि तेव्हा डावीकडे काय होतं?"

मी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं छताकडे पाहिलं. साहेबांनी चिठ्ठीवर 'पाहिले' असा शेरा मारून सही केली आणि ती मला परत दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा नमुना फुटला आणि फुटूनही आतून काही निघालं नाही.

घरी पोचलो तो रडकुंडीला येऊनच. बायकोपुढे चिठ्ठी ठेवली आणि म्हणालो, "मला माफ कर. तुझं तेल मी हरवलं. तुझे केस पुन्हा गेले तर तो दोष माझा."

तिनं चिठ्ठी वाचली. आधी तिचा खांदा हलला, मग दुसरा हलला, आणि मग ती खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसली.

"अहो, मी ते तेल लावलंच नाही."

"काय?"

"डॉक्टर म्हणाले होते, तापानं लागलेली केसगळती तीन महिन्यांत आपोआप थांबते. माझा विश्वास बसत नव्हता, पण नवीन काही लावायचीही भीती वाटायची. आहेत तेवढे तरी राहू देत म्हणून."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगणार होते. पण तुम्ही रोज चष्मा लावून माझे केस मोजायला बसायचात," ती म्हणाली आणि तिचा आवाज जरा ओला झाला. "इतकं माझं कोणी कधी केलं नव्हतं. मोडवेना मला."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तिचे केस शाबूत होते, तेल कोणतंही असो. मी खरोखर सुखी झालो. (हे सुख अंदाजे अर्धा मिनिट टिकलं.)

"पण मग दोन बाटल्या तेल गेलं कुठे?"

"वाया कशाला घालवू? तुमच्या रोजच्या तेलाच्या बाटलीत ओतत होते. म्हटलं, आधी तुमच्यावर बघावं, चांगलं निघालं तर मग मी लावीन."

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथं तो फारसा कशाला लागला नाही.

"मग?" मी विचारलं. "काय निकाल लागला?"

"एक नंबरनं पुढचे गेले."

"आणि दोन नंबरनं?"

"मागचे," बायको म्हणाली. "आणखी एक महिना बघणार होते, पण तेल संपलं."