साळूबाईचा भोपळा आणि फुकटखाऊ निर्मूलन समिती

एका जंगलात, मुलांनो, साळूबाई नावाची साळिंदरीण राहत होती. हे जंगल कुठे आहे, असं विचारू नका. नीट शोधलंत तर घराजवळच सापडेल.

साळूबाईची लेक टोचू पहिल्या खेपेची, म्हणून माहेरी आली होती. तिला डोहाळे लागले लाल भोपळ्याच्या घारग्यांचे. दुसरं काही पोटात ठरेना.

"डोहाळजेवणाला घरच्या भोपळ्याचे घारगे करीन हो, बाळा," साळूबाईनं छातीठोक सांगितलं.

दारातला वेल फुलांनी भरला होता. बांधावर कोथिंबीर फुलली होती. काळजीचं काही कारण नव्हतं. काळजीचं कारण नसलं की जंगलात समिती निघते. तशी ती निघाली : फुकटखाऊ निर्मूलन समिती. अध्यक्ष, भल्लूकराव अस्वल.

वडाखाली सभा भरली.

"बंधुभगिनींनो," भल्लूकराव म्हणाले, "या माश्यांकडे बघा. या फुलावर रस पी, त्या फुलावर रस पी! इकडची काडी तिकडे केलीय का कधी? या फुकटेपणानं जंगल पोखरलंय!"

बोलता बोलता ते पंजा चाटत होते. पंजाला मध लागला होता. तो त्यांनी पोळ्यातून आणला होता. माश्यांना विचारून आणला नव्हता, हे सांगायला नकोच.

साळूबाईनं जोरात टाळ्या वाजवल्या. जन्मभर कष्टाचं खाल्लेली बाई. 'फुकट' हा शब्द ऐकला की तिचे काटे उभे राहत. घरी येऊन तिनं आधी बांधावरची कोथिंबिरीची फुलं खुडून टाकली. मग वेलावरच्या एकेका फुलाचं तोंड मिटलं, पाठीवरचा एकेक काटा उपटला आणि टाचणीसारखा टोचून दिला. रोज सकाळी नवी फुलं, रोज नवे काटे. दुखायचं फार. पण जंगलासाठी एवढं तर करायलाच हवं, असं ती स्वतःला सांगायची.

मधमाशी आली. "साळूकाकू, दार लावून घेतलंत होय?"

"आधी काम कर, मग खा."

"अहो, खाता खाताच आमचं काम होतं. या फुलाचे पराग त्या फुलाला लागतात, म्हणून तर भोपळा धरतो."

"सगळे फुकटे असंच बोलतात."

मागोमाग पिवळ्या पट्ट्यांची माशी आली. "काकू, माझी पोरं तुमच्या वेलावरची मावा कीड फस्त करतात. मला दोन घोट रस मिळाला तर मी अंडी घालीन ना?"

"म्हणजे पोरांनाही आयतं खायची सवय लावलीस!" साळूबाई कडाडली.

दोघी उडून गेल्या. अंगठ्याएवढे भोपळे पिवळे पडून गळू लागले. पानांवर मावा चढला. टोचू वेलाकडे बघायची आणि आत जायची. शेवटी साळूबाई समितीकडे गेली. समितीनं वेलाची पाहणी करून निष्कर्ष काढला : टाचण्या कमी पडल्या.

आठव्या दिवशी साळूबाईच्या पाठीवरचे काटेच संपले. त्या सकाळी दोन फुलं उघडी राहिली, एक नर, एक मादी. कुणी भुकेली मधमाशी वाट वाकडी करून आली आणि दोन्हीकडे न्याहारी करून गेली. बाकीचा वेल माव्यानं वाळला. हिरव्या उरलेल्या एका फांदीवर एकच भोपळा धरला आणि चांगला पिकला.

दीड महिन्यानं डोहाळजेवण झालं. ताटभर घारगे तळून झाले. आमंत्रण नसताना भल्लूकराव पहिल्या पंगतीला येऊन बसले.

"पाहिलंत? फुकट बंद केलं आणि केवढा भोपळा आला!" असं म्हणत त्यांनी ताट पुढ्यात ओढलं.

घारगे भराभर संपू लागले. टोचूच्या पानात अजून एकही पडला नव्हता. साळूबाईला असा संताप आला की तिनं पाठ फुगवली. पूर्वी तिनं पाठ फुगवली की वाघसुद्धा दोन पावलं मागे सरायचा.

भल्लूकरावांनी ती गुळगुळीत पाठ प्रेमानं थोपटली. "समितीला तुमच्यासारखेच कार्यकर्ते हवेत," ते म्हणाले आणि त्यांनी शेवटचा घारगा उचलला.

टोचू रिकाम्या ताटाकडे बघत राहिली.

तात्पर्य : मुलांनो, फुकट खाणं फार वाईट. खायचंच असेल, तर आधी त्याच्याविरुद्ध समिती काढावी आणि अध्यक्ष आपण व्हावं.