सगळ्यात मोठा भार

बेगिमायला एका गोष्टीची पक्की खात्री होती. तिच्या कॉम्प्युटरला जेवढी अक्कल आहे, तेवढी अख्ख्या काराजिगाच गावात मिळून नाही!

गावातल्या छपरांवर सोलर, ओढ्यावर छोटंसं जनित्र आणि शाळेमागच्या खोलीत बॅटऱ्या. ही सगळी वीज एकत्र करायची आणि कुणाला किती द्यायची, ते कॉम्प्युटरनेच ठरवायचं. संध्याकाळी वीज अपुरी पडली, की ज्या घरातलं यंत्र सगळ्यात जास्त वीज खातंय ते थोडा वेळ बंद. बस्स! या संशोधनापायी बेगिमायने केस पांढरे करून घेतले होते. आज खुद्द प्राध्यापक तुर्दुबायेव बिश्केकहून बघायला आले होते. त्यांना पटलं तर योजना गावात राहणार, नाहीतर सगळं सामान उचलून दुसऱ्या गावी.

"लोकांचा गोंधळ नाही ना होणार?" प्राध्यापकांनी विचारलं.

"छे हो सर! साध्या भाषेत मेसेज पाठवलाय. शेंबड्या पोरालाही कळेल!"

तो मेसेज गेला सातारकुल अतांच्या, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या आजोबांच्या घरी, कारण विजेचा सगळ्यात मोठा खादाड त्या घरात होता. सून गुलबारा पीठ मळत होती. तिने पिठाच्याच हाताने फोन उचलला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं:

'तुमच्या घरातला सगळ्यात मोठा भार आज सूर्य मावळताना बाजूला काढला जाईल. हा निर्णय वरून होतो, त्यात माणसाचा हात नसतो. घाबरू नका, काही जाणवणार नाही.'

मग एकेकाची नजर हळूच सातारकुल अतांकडे वळली. अता ऐंशीच्या पुढचे, देह पिठाच्या पोत्यासारखा ऐसपैस.

"माझ्याकडे काय बघता?" अता खेकसले. मग त्यांचाही चेहरा पडला. "कोणी पाठवलंय?"

"नाव नाही, नुसता नंबर आहे."

"त्याला नाव कशाला लागतंय! पण मला भार म्हणायचं? एवढा नमाज पढलो त्याचं हे फळ?"

त्यांची बायको उमसुनाय आपा म्हणाली, "जन्मभर मी हेच सांगत होते, ऐकलंत कधी? शेवटी वरून सांगावं लागलं!" आणि हंबरडा फोडून रडायला लागली.

अतांनी स्वच्छ सदरा घातला, पांढरी टोपी चढवली आणि पाटाच्या पाण्यावरून ज्याच्याशी उभं वैर होतं त्या शेजारच्या मामितला बोलावून घेतलं. गळाभेट झाली. अतांनी त्याला आपला लाडका तांबडा घोडा देऊन टाकला! मामितने 'नको, नको' म्हणत लगाम घट्ट पकडला.

बातमी वणव्यासारखी पसरली. अख्खा गाव निरोप द्यायला लोटला. एवढ्या लोकांना चहा नको? चहाबरोबर पिठाचे बोरसोक तळायला नकोत? ज्याने त्याने आपापली विजेची किटली आणली, शेगडी आणली, आणि सगळ्यांनी मिळून ती अतांच्याच भिंतीतल्या प्लगांत खुपसली!

शाळेत बेगिमाय पडद्याकडे बघत होती. अतांच्या घराच्या विजेची रेघ डोंगर चढत होती.

"ही वर का चाललीय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"सुरुवातीला असं होतं, सर."

"आणि बाकीची घरं एकदम शून्यावर?"

"ती... झोपली असतील."

"दिवसाउजेडी? अख्खा गाव?"

तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला. एखादं यंत्र बंद करून आता भागणार नव्हतं. कॉम्प्युटरने अतांचं घरच्या घर विजेपासून तोडलं. खट्! आणि गावाच्या त्या टोकाकडून असा आकांत उठला, की बेगिमाय पायात येतील ते बूट घालून धावत सुटली.

दारात गुलबारा ऊर बडवत होती.

"काय झालं?"

"गेले! दिवे गेले आणि अताही गेले, दोन्ही बरोबरच!"

बेगिमायने तिला दंडाला धरून हलवलं. "धक्का बसला?"

"मग काय! सगळ्यांनाच बसला!"

"सगळ्यांना? किती जण आहेत?"

"अख्खा गाव आहे आत!"

बेगिमायच्या डोळ्यांसमोर तुरुंगाचे गज नाचायला लागले. एवढ्यात आतल्या अंधारातून घोगरा आवाज आला.

"मामित? तूसुद्धा आलास? तुला इकडे कोणी घेतलं?"

"मी कुठे गेलो नाही, अता. जेवायला थांबलोय."

"आधी पाय काढा माझ्या मांडीवरून!" उमसुनाय आपा कडाडली.

"या अल्ला! ही इथेही आहे!"

बेगिमायने मोबाइलचा उजेड पाडला. अता गादीवर आडवे, हात छातीवर, टोपी नाकावर. गुलबाराने तो मेसेज तिच्या नाकापुढे धरला, तेव्हा कुठे प्रकार तिच्या लक्षात आला. मग ती गयावया करत म्हणाली, "अता, भार म्हणजे तुम्ही नव्हे हो! न्हाणीघरातला पाण्याचा बंब! विजेचा भार!"

अता उठून बसले. "म्हणजे या घरात सगळ्यात मोठा कोण, तर बंब?"

"हो."

"मग मी कितवा?"

"तुम्ही... तुम्ही मोजणीतच नाही, अता."

मरणाच्या बातमीने खचले नव्हते एवढे अता या एका वाक्याने खचले. तिकडे मामित भिंतीला घासत घासत तबेल्याकडे सटकला.

तेवढ्यात लॅपटॉप छातीशी धरून प्राध्यापक धापा टाकत आले. "बेगिमाय! कमाल! गावाची विजेची मागणी इतकी खाली आलेली मी आजवर बघितली नाही! केलंस कसं?"

सगळा गाव या एका घरात कोंबलाय आणि हे घर तोडलंय, हे सांगायला बेगिमायने तोंड उघडलं, आणि योजनेची आठवण होऊन मिटलं.

"हे रोज जमेल?" प्राध्यापकांनी विचारलं.

"रोज?" अता गादीवरून ओरडले. "रोज मरायला मी काय तरुण आहे? आठवड्यातून एकदा ठेवा!"

प्राध्यापकांना एक अक्षर कळलं नाही. पण संशोधनाला गावाची साथ मिळतेय याने ते भारावून गेले होते.

"चालेल," ते म्हणाले. "गुरुवार ठेवू या."