वडूजचे मौनी महाराज

बनुबाईनं चुलीवरचा चहा उतरवला, तोच चिंतामणराव वकील दारात येऊन उभे राहिले. सांगलीहून वडूजला ते यापूर्वी एकदाच आले होते, बेचाळीस साली, डोक्याला मुंडासं गुंडाळून. तेव्हा पोलीस त्यांच्या गोपाळकृष्णाच्या मागावर होते, आणि वकिलाचं पोर तमाशातल्या बाईच्या माळ्यावर कुणी शोधलं नसतं. बनुबाईनं त्याला ठेवून घेतलं. तो विषमज्वरानं फणफणला तेव्हा तमाशाच्या सुपाऱ्या सोडून ती त्याच्या उशाशी बसली. तो तिला बनुअक्का म्हणायचा. आता वॉरंटं मागं घेतली गेली होती आणि तो घरी परतला होता.

"बाई, मोठा घोटाळा झालाय," वकील उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "इतके दिवस पोरगा होता कुठे, म्हणून लोक विचारीत. मी सांगून बसलो, एका मौनी महाराजांच्या मठात होता."

"मग चांगलंच सांगितलं की!"

"अहो, आता त्याचा सत्कार आहे. विश्रामबागेतल्या बायका हटून बसल्यात, महाराजांना आणाच. आमच्या हिनं तर पाद्यपूजेला चांदीचं ताम्हण घासून ठेवलंय!"

कोपऱ्यात तिच्या फडातला हरिबा ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता. त्याच्या छातीपर्यंतच्या दाढीवर वकिलांची नजर खिळली.

"म्या न्हाई!" हरिबा उसळला. "आवं वकीलसायेब, नरकात जाईन मी."

"बोलायचं काहीच नाही हो. मौनी आहात तुम्ही."

बनुबाईला हसू आवरेना. "जा की रं. मीबी येते. पोराला बघून लय दिस झालं."

वकील चपापले. "या. पण... जरा मागं उभ्या राहा."

सांगलीत भगवी कफनी घालून हरिबा चौरंगावर बसला. विश्रामबागेतल्या चारुलताबाईंनी पायांवर डोकं ठेवून विचारलं, "महाराज, आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरेल का?" घाबरून हरिबानं मान नकारार्थी हलवली. बाईंनी हुंदका दिला. त्यानं घाईनं होकारार्थी हलवली. "आधी विघ्न, मग योग!" असा अर्थ कुणीतरी लावला, आणि रांग अंगणापर्यंत गेली.

मग गोपाळकृष्ण आला. ज्याच्यासोबत एका ताटात भाकरी खाल्ली, त्याच्यापुढं त्यानं लोटांगण घातलं. उठताना त्याची नजर दाराकडे गेली. बनुबाई नकळत पाऊलभर पुढं सरली. त्यानं गळ्यातला हार सारखा केला आणि खाली बघत आत निघून गेला.

"ही कोण?" त्याच्या आईनं, अनसूयाबाईंनी, विचारलं.

"महाराजांच्या मठात... झाडलोट करते," वकील म्हणाले.

अनसूयाबाईंचे डोळे भरून आले. "म्हणजे आमच्या गोपाळचं खरकटं हिनंच काढलं असेल!" हरिबाचे पाय धुतलेलं पाणी पळीत घेऊन त्या दाराशी आल्या. "ओंजळ कर. पुढं नको येऊस, सोवळ्यात आहे मी. घे, जन्माचं पाप धुऊन निघेल."

वरून धार पडली. बनुबाईनं ती ओंजळीत झेलली आणि मान खाली घालून पिऊन टाकली.

चौरंगावर हरिबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे गदगदू लागले.

"महाराजांना समाधी लागली!" बायका कुजबुजल्या, आणि त्यांनी टाळ्या वाजवत भजन धरलं.

बनुबाईनं ओले हात पदराला पुसले आणि ती चपलांच्या राशीपाशी हरिबाची वाट बघत उभी राहिली.