घंगाळाचे मडगार्ड

चिखल तात्यांच्या उघड्या तोंडात गेला. त्या दिवशी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. कावेरीत बुडी मारून, मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, ओलं धोतर नेसून, कोणाची शिवाशीव नको म्हणून रस्त्याच्या मधोमध मंत्र म्हणत ते घरी चालले होते. घरी भटजी पाट मांडून बसलेले. तेवढ्यात आमच्या अक्काची जीप डबक्यातून गेली आणि तात्या शेंडीपासून टाचेपर्यंत काळे झाले.

अक्काने जीप थांबवली. मागे आणली. खाली उतरून आधी तात्यांकडे पाहिलं, मग चाकाकडे.

"डाव्या चाकाचा आहे," ती ओट्यावर उभ्या असलेल्या मला म्हणाली. "उजव्याचा इतका वर जात नाही."

अक्का म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन मी कुंभकोणमला आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायला गेले. ती म्हणाली, "मी काय कलेक्टर आहे? तू म्हण." तेव्हापासून मी तू म्हणते. ती सुईण होती. मद्रासला जाऊन रीतसर शिकून आली होती. नवरा होता. कोणी त्याची चौकशी केली तर ती सांगे, "आहे. माझ्याकडे नाही." विचारणारा तरीही रेंगाळला तर म्हणे, "बरं, पुढे?"

हे "बरं, पुढे?" ती सगळ्यांना म्हणे. शिव्या देणाऱ्याला, उपदेश करणाऱ्याला, रडणाऱ्यालासुद्धा. समोरच्याकडे पुढचं काही नसेच.

लढाई संपल्यावर सैन्याने मोडीत काढलेली जीप तिने घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. गावात बाई सायकलवर बसली तरी लोक दुकानं सोडून बघायला येत, तिथे ही नऊवारीचा काचा मारून गिअर टाकायची. शेतातल्या चिखलात रुतू नये म्हणून तिने जीपला लॉरीची रुंद चाकं बसवली. चाकं वीतभर बाहेर आली. जुने मडगार्ड गंजून पडले. मागच्या चाकांना जीपचं अंग थोडं तरी झाकत होतं, पुढची मात्र उघडी. पावसाळ्यात ती कुठून कुठे गेली हे भिंती बघून सांगता यायचं.

आमच्या गल्लीत दहा मराठी घरं. सगळ्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात काही ना काही होते. तात्यांच्या खापरपणज्यांकडे अत्तरदाणी धरायचं काम होतं. तेवढ्यावर तात्यांची मान चार पिढ्यांनंतरही ताठ होती. दुसऱ्यांदा आंघोळ करून, श्राद्ध उरकून संध्याकाळी ते चार म्हाताऱ्यांना घेऊन आले.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवसांत चाकं झाकली नाहीत तर ही गाडी या गल्लीत येणार नाही. आम्ही तोंडाशी दगडी खांब रोवतो."

"बरं, पुढे?"

"पुढे तू बैलगाडीने जा. तुझ्या आधी काय पोरं जन्माला येत नव्हती?"

अक्का उठून आत निघून गेली. मला त्याचंच नवल वाटलं.

खांब रोवला असता तर जीप संपली असती. ती आमच्या मागच्या गोठ्यात राहायची आणि गोठ्याची वाट गल्लीतूनच होती. जीप नाही तर मरुदानल्लूरपलीकडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात जाणं नाही. अक्काच्या वहीत त्या महिन्यात दिवस भरत आलेल्या सहा बायका होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मडगार्ड शोधणं सुरू झालं. आणि पारखायचे कसे, तर माझ्यावर.

"यमे, उभी राहा."

मी डबक्याच्या कडेला नवऱ्याचं पांढरं धोतर अंगभर लपेटून उभी राहायची. अक्का जीप घेऊन यायची, उतरायची आणि माझ्यावरचे डाग खालून वर मोजायची. नवऱ्याची तीन धोतरं गेली. बहीण आणि बायको एका बाजूला झाल्या की ते पेपर वाचत.

पहिले मडगार्ड रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याचे. चिखल अडला, पण आवाज असा की गल्लीतल्या दोन गाई दावं तोडून पळाल्या. अक्का म्हणाली, "बाळंतिणीच्या दाराशी असा आवाज नेला तर पोर परत आत जाईल." मग देवळाच्या रथाची चाकं करणाऱ्या सुताराकडून लाकडाचे आणले. ते एका पावसात फुगले आणि चाकाला घासून धूर निघाला. मग जुन्या टायरचे तुकडे लोंबवले. त्यांनी चिखल अडवला नाही, गोळा करून एकदम फेकला. माझ्या नाकात गेला. मी म्हटलं, "अक्का, उद्या तू उभी राहा, मी चालवते." ती म्हणाली, "तुला येत नाही." ते खरं होतं, म्हणून मी पुन्हा उभी राहिले.

पाचव्या दिवशी ती मला घेऊन स्वामीमलैला गेली, पंचरशी मूर्ती ओतणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे. त्याने जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"अम्मा," तो म्हणाला, "देवाच्या नाकाचं, कानाचं, बोटाचं माप शास्त्रात आहे. चाकाच्या भुवयांचं नाही. बिनमापाचं मी ओतत नाही."

"बरं, पुढे?"

"पुढे कॉफी घ्या."

तात्यांनंतर अक्काला उत्तर देणारा हा दुसराच. तिने कॉफी घेतली. दोन पेले.

घरी आल्यावर अक्का माळ्यावर चढली आणि तिचं पितळेचं घंगाळ मला धरायला लावून खाली घेतलं. मोठं घंगाळ, आत माणूस बसून न्हाऊ शकेल असं. तिच्या वडिलांनी दिलेलं. सासर सोडून आली तेव्हा बैलगाडीत ती आणि हे घंगाळ, एवढंच होतं. या घरात त्यात कोणी कधी पाणी घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा मी सणासाठी मागितलं, तर "फुटकं आहे" म्हणाली. ते फुटकं नव्हतं.

आम्ही ते भांडी ठोकणाऱ्या मुत्तय्याकडे नेलं. बूड काढायचं, उरलेलं कडं मधोमध कापायचं, की दोन कमानी. मुत्तय्याने काठावरून बोट फिरवलं आणि आतल्या बाजूला एका जागी थांबवलं.

"अक्षरं आहेत. ठोकून सपाट करू?"

"असू दे," अक्का म्हणाली. "आतच राहतील. चिखलाला वाचू दे."

मला काय आहे ते दिसलं नाही. विचारायची ती वेळ नव्हती.

आठव्या दिवशी पाऊस झाला. सगळी गल्ली ओट्यांवर. मी धोतर लपेटून निघाले तर तात्या म्हणाले, "तू घरची. मी उभा राहतो." आंघोळ करून, मडीचं ओलं धोतर नेसून म्हातारा अनवाणी डबक्याच्या कडेला उभा राहिला. या वेळी तोंड मिटून.

अक्काने जीप जोरात आणली. हळू आणली असती तर चाललं असतं. पितळ चमकलं, पाणी दोन्हीकडून आत वळून खाली पडलं आणि जीप गेली.

सगळे तात्यांकडे बघत होते. धोतर स्वच्छ. फक्त उजव्या पायाच्या अंगठ्यावर चिखलाचा एक थेंब. तात्यांनी तो बराच वेळ पाहिला. अक्का परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हा आधीचा," तात्या म्हणाले. "मी चालत आलो तेव्हाचा." आणि खांबासाठी खणलेला खड्डा बुजवायला सांगून ते घरात गेले. मी तिथेच होते. तो आधीचा नव्हता.

दुपारी मी गोठ्यात जीप धुवायला बसले. डाव्या मडगार्डच्या आतून चिखल काढताना बोटांना खड्डे लागले. ठोकून काढलेली बालबोध अक्षरं. चि. तुळजा.

हे अक्काचं नाव नव्हे, आणि या नावाची मुलगी घरात झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्यात जन्माआधी नाव ठेवत नाहीत. ठेवलंच तर मनात, आणि तेही मुलाचं. अक्का चाकाची माती काढत होती. मी म्हटलं, "हे कोणी घातलं?"

"मी घालायला लावलं. सातव्या महिन्यात. वडील नको म्हणत होते." तिने चाक पुसलं. "मी तिकडे सासरी, तिरुप्पनंदाळच्या बाजूला होते. पाऊस होता. सुईणीची बैलगाडी कोसभर अलीकडे रुतली."

ती फडकं पिळायला लागली. तेव्हा मीच म्हटलं, "बरं, पुढे?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"पुढे काय, यमे. गाडी दुसऱ्या दिवशी पोचली. तेव्हा आम्हा दोघींपैकी मी एकटीच होते."